अल्केन जर एवढे ढिम्म, तर गॅस पेटतो कसा?

कढीलिंब | गुरुवार, रात्री १०:५२

लेक यंदा अकरावीला, सायन्सला. आज संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि ती ओट्याला टेकून केमिस्ट्री मोठ्याने वाचत होती. अल्केन म्हणजे संपृक्त हायड्रोकार्बन, कार्बन-कार्बनमधले सगळे बंध एकेरी. आम्ल घाला, अल्कली घाला, पोटॅशियम परमँगनेट घाला, नेहमीच्या तापमानाला जागचे हलत नाहीत. जुनं नाव पॅराफिन, त्याचा लॅटिन अर्थ 'फारशी सलगी न करणारा'. इथवर आली आणि थांबली. तव्याखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "आई, हे जळतंय ते अल्केनच ना? मग हे ढिम्म कसं?"

मी कॉमर्सवाली. "सरक, पोळी करपतेय" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. इथे बरीच जाणकार मंडळी आहेत, म्हणून धागा काढतेय. तिला वाचायला देणार आहे, तेव्हा जरा बेताने लिहा.

ता. क. माझा एक खाजगी उपप्रश्न: डावीकडचा बर्नर आठवडाभर पिवळा जळतोय आणि पातेल्यांची बुडं काळी होताहेत. याचा संबंध अल्केनशी की माझ्या आळसाशी?

चकलीसम्राट | गुरुवार, रात्री ११:०४

"पोळी करपतेय" ही पण केमिस्ट्रीच. पूर्ण मार्क.

खडूफळा | गुरुवार, रात्री ११:४०

मुलीला शाबासकी सांगा. सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवतोय, हा प्रश्न विचारणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी भेटली. बाकीची दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या पानांवर पाठ करतात आणि ती एकमेकांना भेटतच नाहीत.

अभिक्रियेतून किती ऊर्जा सुटेल हा एक हिशोब आणि ती सुरू व्हायला अडचण किती हा दुसरा. मिथेन जळला तर एका मोलमागे (रेणू मोजायचं ठरलेलं माप) सुमारे ८९० किलोजूल सुटतात, म्हणजे पहिल्या हिशोबात तो अजिबात आळशी नाही. अडतं ते सुरुवातीलाच. मिथेनमधला एक कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला सुमारे ४३९ किलोजूल लागतात, आणि नेहमीची रसायनं तो तोडू शकत नाहीत, कारण त्यांना रेणूत कुठेतरी धन किंवा ऋण टोक लागतं. कार्बनची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद) २.५५, हायड्रोजनची २.२०. फरक जवळजवळ नाहीच. वर इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी नाही, दुहेरी बंध नाही. दाराला ना कडी ना कोयंडा, आम्ल आणि अल्कली बाहेर उभे राहून परत जातात.

आमच्या प्रयोगशाळेत सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला असतो. पाण्यात टाकला की तडतडत पेट घेणारा धातू, सुरीने लोण्यासारखा कापला तर चकचकीत कड डोळ्यांदेखत काळवंडते, इतका उतावळा. तो वर्षानुवर्षं रॉकेलमध्ये गप्प पडून राहतो, कारण रॉकेल म्हणजे मुख्यतः दहा ते सोळा कार्बनवाली हायड्रोकार्बन, त्यात अल्केनचा मोठा वाटा.

पण एक पाहुणा असा असतो की ज्याला कडी-कोयंडा लागत नाही. फ्री रॅडिकल, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला अणू किंवा गट. तो अल्केनचा हायड्रोजन सरळ हिसकावतो. ज्याचा हिसकावला तो आता स्वतः रॅडिकल होतो आणि पुढच्याच्या मागे लागतो. तुमच्या लायटरची ठिणगी एवढंच करते, पहिले काही रॅडिकल आणि थोडी उष्णता पुरवते. पुढचं काम ज्योत स्वतः करते. म्हणून ठिणगी एकदाच लागते, पोळीगणिक नाही.

मिथिला_११वी | शुक्रवार, सकाळी ७:१५

(आईच्या परवानगीने आयडी काढलाय.) सर, मग सूर्यप्रकाशात क्लोरीन आणि मिथेनची जी प्रतियोजन अभिक्रिया आहे ती पण अशीच? आणि प्रकाश मिथेनला तोडतो की क्लोरीनला?

खडूफळा | शुक्रवार, सकाळी ९:३०

क्लोरीनला. क्लोरीन-क्लोरीन बंध साधारण २४३ किलोजूलचा, मिथेनपेक्षा कितीतरी लेचापेचा. प्रकाशाने तो मधोमध दुभंगतो आणि दोन क्लोरीन अणू सुटतात. त्यातला एक मिथेनचा हायड्रोजन पळवतो: एचसीएल तयार, मिथाइल रॅडिकल मागे उरला. मिथाइल दुसऱ्या क्लोरीन रेणूतला एक अणू घेतो: क्लोरोमिथेन तयार, पुन्हा एक क्लोरीन अणू मोकळा. चक्र चालू. दोन रॅडिकल एकमेकांना धडकले की ती साखळी तुटते. म्हणून शेवटी भांड्यात किंचित इथेनही सापडतो, दोन मिथाइल एकत्र आलेला. परीक्षेत 'इथेन कुठून आला' हा लाडका प्रश्न आहे, लक्षात ठेव.

वर्गात मी क्लोरीन वापरत नाही, ब्रोमीन आणि हेक्झेन (सहा कार्बनचा द्रव अल्केन) घेतो. दोन परीक्षानळ्या, दोन्हीत हेक्झेन आणि ब्रोमीनचे दोन थेंब. रंग पातळ चहासारखा. एक नळी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात, दुसरी खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात. उन्हातली हळूहळू फिकट होत रंगहीन होते. तोंडाशी ओला निळा लिटमस धरला की लाल होतो, कारण एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) हा आम्लधर्मी वायू निघतोय. मग कपाटातली काढायची, ती जशीच्या तशी चहाच्या रंगाची. पोरं पाच मिनिटं तरी गप्प बसतात. (हे घरी करू नये. ब्रोमीन कातडीला वाईट जखमा करतो.)

भाजीत_भाजी | शुक्रवार, सकाळी १०:०२

वाचतेय. आमच्या वेळी सरांनी फळ्यावर फक्त बाण काढले होते.

दुसरी_बाजू | शुक्रवार, दुपारी १२:४८

क्षमस्व, पण हे रॅडिकल सेकंदाच्या हजाराव्या भागात नाहीसे होतात म्हणे, मग ते होते हे कशावरून? सोयीस्कर गोष्ट रचून फळ्यावर बाण काढायचे, आणि पोरांनी घोकायचे.

खडूफळा | शुक्रवार, दुपारी ३:२०

शंका रास्त आहे, एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच मोठ्या लोकांना हीच होती. १९०० साली मोझेस गोम्बर्ग यांनी ट्रायफिनाइलमिथाइल हा बऱ्यापैकी टिकणारा रॅडिकल दाखवला, पण मिथाइलसारखा क्षणभंगुर कोणी पकडला नव्हता.

१९२९ मध्ये फ्रिट्झ पानेथ आणि हॉफेडिट्झ यांनी जे केलं ते मला अजूनही रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी वाटतं. काचेची लांब नळी, आत अगदी कमी दाब. टेट्रामिथाइल लेडची (शिशाला चार मिथाइल गट जोडलेलं संयुग) वाफ नळीतून वाहते आहे. एका जागी नळी तापवली की संयुग फुटतं आणि तिथे आतून शिशाचा आरसा जमतो. आता वाफ जिकडून येते त्या बाजूला, पहिल्या आरशाच्या अलीकडे, दुसऱ्या जागी नळी तापवायची. नवा आरसा तिथे जमतो आणि पुढचा जुना आरसा हळूहळू पुसला जातो. कोणीतरी अदृश्य वायूतून वाहत पुढे जातंय आणि शिसं खातंय. तो म्हणजे मिथाइल रॅडिकल, शिशाशी पुन्हा जुळून टेट्रामिथाइल लेड होणारा. दोन आरशांमधलं अंतर आणि वायूचा वेग यावरून तो किती वेळ जगतो हेही काढता आलं.

दुसरी_बाजू | शुक्रवार, दुपारी ४:०५

बरं. हे शाळेत सांगितलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

कढीलिंब | शुक्रवार, दुपारी ४:११

कॉमर्सला जाण्यात वाईट काय आहे हो? :)

रिपीटर_२०२५ | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

सर, सीईटीला प्रोपेनवर क्लोरीन की ब्रोमीन, मुख्य उत्पादन कोणतं, यात माझा कायम गोंधळ होतो.

खडूफळा | शुक्रवार, रात्री ९:१५

पाठ करू नकोस, हिशोब कर. प्रोपेनला कडेचे (प्राथमिक) हायड्रोजन ६, मधले (द्वितीयक) २. क्लोरीनला मधला हायड्रोजन कडेच्यापेक्षा ३.८ पट आवडतो. म्हणजे ६ × १ = ६ विरुद्ध २ × ३.८ = ७.६. टक्केवारी काढ: १-क्लोरोप्रोपेन ४४, २-क्लोरोप्रोपेन ५६. म्हणजे दोन्हींचं मिश्रण. ब्रोमीनला मधला ८२ पट आवडतो. ६ विरुद्ध १६४. सुमारे ९७ टक्के २-ब्रोमोप्रोपेन.

का? आपल्याकडे म्हणतातच, भुकेला कोंडा निजेला धोंडा. क्लोरीन अणू इतका वखवखलेला की त्याला निवड करायला फुरसत नाही, समोर येईल तो हायड्रोजन घेतो. ब्रोमीन अणूसाठी हायड्रोजन काढणं हीच चढण आहे, एच-बीआर बंध बराच दुबळा असल्यामुळे त्याला त्यातून फारसं मिळत नाही. म्हणून तो सगळ्यांत सोपा हायड्रोजन बघून हात घालतो, तृतीयक (तीन कार्बनांना जोडलेल्या कार्बनवरचा) असला तर आधी तोच. फ्लोरीनच्या नादी लागू नये, स्फोट होतो. आयोडीनची गाडी पुढेच सरकत नाही, आणि तयार झालेला एचआय उलटी अभिक्रिया करतो. म्हणून आयोडिनेशन करायचं तर आयोडिक किंवा नायट्रिक आम्लासारखं काहीतरी घालून एचआय बाजूला काढावा लागतो.

निवांत_नाना | शुक्रवार, रात्री १०:०१

माझ्यासारख्या सामान्य माणसाला एवढं कळलं की सिलिंडरमध्ये मिथेन असतो, तो पेटतो आणि त्याला तो घाणेरडा वास असतो.

उरणकर | शुक्रवार, रात्री १०:२७

नाना, तीनपैकी एकच बरोबर :) गॅसच्या धंद्यात पस्तीस वर्षं गेली, बहुतेक कंट्रोल रूममध्ये, आता निवृत्त.

लाल सिलिंडरमध्ये मिथेन नसतो. प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, दाबाखाली द्रव केलेलं. घरगुती सिलिंडरमधला १४.२ किलो माल म्हणजे बहुतेक द्रव, त्याच्या डोक्यावर थोडी वाफ. जोवर आत थेंबभर द्रव आहे तोवर दाब फारसा पडत नाही, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत ज्योत जोरात आणि मग ऐन पाहुण्यांच्या वेळी फुस्स. किती उरलाय बघायचं तर ओलं फडकं वरून खालपर्यंत फिरवा. द्रव आहे तिथला पट्टा उशिरा सुकतो.

मिथेन येतो तो पाइपच्या गॅसमध्ये. त्याचा उत्कलनांक उणे १६१.५ सेल्सिअस, नुसत्या दाबाने घरच्या तापमानाला द्रव होतच नाही. म्हणून सीएनजीच्या टाक्यांत तो २०० बारला वायू म्हणूनच कोंबतात. रेणू जेवढा लांब तेवढे रेणू एकमेकांना जास्त चिकटतात: इथेन उणे ८९, प्रोपेन उणे ४२, ब्युटेन उणे अर्धा, पेंटेन ३६, हेक्झेन ६९.

आणि वास गॅसचा नाही. या अल्केनना तसा वासच नसतो. त्यात इथाइल मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन किंचित मिसळलेलं असतं. १९३७ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या न्यू लंडन गावात शाळेखाली साठलेल्या बिनवासाच्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला, जवळजवळ तीनशे जण गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर वास घालण्याची सक्ती आली.

गळती वाटली तर एक लक्षात ठेवा: मिथेन हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट, ब्युटेन दुप्पट जड. सिलिंडरचा गॅस जमिनीवर पसरतो, मोरीत उतरतो. बटणं न लावता खिडक्या-दारं उघडा, आणि रेग्युलेटर बंद.

बर्फातला_बाबू | शनिवार, पहाटे ३:४४

कॅनडातल्या कॅलगरीहून. उरणकरकाकांचा ब्युटेनचा आकडा इथे रोज जगतो. इथे अंगणातल्या बार्बेक्यूची टाकी म्हणजे निव्वळ प्रोपेन. उणे पंचवीसला ब्युटेनची टाकी म्हणजे आत पाणी भरल्यासारखीच, वाफ होणारच नाही. पहिल्या हिवाळ्यात भारतातून आणलेला ब्युटेनचा छोटा स्टोव्ह गॅलरीत लावला, कुकरची शिट्टी ऐकायची वाट बघत उभा राहिलो. आठवड्यातला सगळ्यात लांब अर्धा तास.

निवांत_नाना | शनिवार, सकाळी ८:१०

पहाटे पावणेचारला कुकर?

बर्फातला_बाबू | शनिवार, सकाळी ८:२२

इथे काल दुपार होती नाना.

उरणकर | शनिवार, सकाळी ९:००

काल एक राहिलं. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला की फिटर शेगडीचे जेट बदलून जातो, ते उगाच नाही. समीकरण बघा: सीएच४ + २ ओ२. आणि सी३एच८ + ५ ओ२. एका रेणूमागे मिथेनला ऑक्सिजन दोन, प्रोपेनला पाच. तेवढीच आच मिथेनकडून हवी तर जास्त आकारमान सोडावं लागतं, म्हणून भोक मोठं. कढीलिंबताईंच्या पिवळ्या ज्योतीचं मूळही तिथेच असावं. हवा कमी पडली की कार्बन पूर्ण जळत नाही, काजळीचे कण तापून पिवळे दिसतात, तेच पातेल्याच्या बुडाला. आधी बर्नरची भोकं बघा, मग हवेची झडप.

ज्योत नुसती मधूनच पिवळी चमकत असेल आणि बूड स्वच्छ असेल, तर तो उतू गेलेल्या डाळीच्या पाण्यातल्या मिठातला सोडियम. त्याने काही बिघडत नाही.

डॉ_वाटसरू | शनिवार, सकाळी ९:३६

या निमित्ताने. अपुऱ्या हवेत काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. बंद बाथरूममधला गॅस गीझर हे याचं सगळ्यात दुर्दैवी घरगुती रूप. गीझर बाथरूमच्या बाहेर लावा. एवढंच.

मांजरा_काठ | शनिवार, दुपारी १:१५

आमच्या लातूरकडं अल्केन म्हणजे हेक्झेन बगा. सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लांट. मी एका प्लांटवर सहा वर्षं शिफ्ट केली. घाण्यात सोयाबीन घातलं तर तेल बरंच पेंडीत राहतं, दाण्यातच तेल जेमतेम १८-२० टक्के. म्हणून दाणा तडकवून, दाबून पोह्यासारखा पातळ करायचा आणि त्यावर कोमट हेक्झेन सोडायचं. तेल त्यात उतरतं. त्या तेल-हेक्झेनच्या मिश्रणाला मिसेला म्हणायचे. मग तापवून हेक्झेन उडवायचं, थंड करून परत टाकीत, तेल मागं.

हेक्झेनच का? ६९ अंशाला उकळतं, म्हणजे तेल न करपवता वाफेवर उडवता येतं आणि उन्हाळ्यात टाकीतून आपोआप उडूनही जात नाही. आणि तेलाशी काहीच करत नाही. सरांचा ढिम्मपणा इथं पगार देतो.

भीती एकच. हेक्झेनची वाफ हवेच्या तिप्पट जड. गटारीत, खड्ड्यात बसती. हवेत सव्वा टक्का झाली तरी पेटायला पुरे. आत मोबाइल बंद, नाल ठोकलेले बूट बंद, हातोडी पितळेची. नवीन पोरगं खिशात काडेपेटी घेऊन आलं तर गेटवरूनच परत.

डॉ_वाटसरू | शनिवार, दुपारी २:०२

आणि हेक्झेन शरीरात मात्र ढिम्म राहत नाही. यकृतातली एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडत जोडत २,५-हेक्झेनडायोन बनवतात, ते मज्जातंतूंना मारतं. चपला-बूट चिकटवणाऱ्या कामगारांत हातापायांची बधिरता यातूनच दिसलेली आहे. गंमत म्हणजे एकच कार्बन जास्त असलेल्या हेप्टेनचा तसा त्रास नाही म्हणावा इतका कमी.

पंपावरचा_पप्पू | शनिवार, संध्याकाळी ५:४०

हेप्टेनवरून आठवलं. पेट्रोलच्या ऑक्टेन नंबरमध्ये हेप्टेनला शून्य का? बिचाऱ्याने काय केलंय?

उरणकर | शनिवार, संध्याकाळी ७:१८

पप्पूशेठ, हा माझा आवडता विषय, चहा घेऊन बसा.

पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचं मिश्रण दाबतात आणि ठिणगीने पेटवतात. ठिणगीच्या आधीच किंवा कोपऱ्यात कुठेतरी ते आपोआप पेटलं की इंजिन ठोके देतं. १९२७ च्या सुमारास ग्रॅहॅम एडगर यांनी पट्टी ठरवली: अजिबात ठोके न देणारा आयसोऑक्टेन म्हणजे १००, हमखास ठोके देणारा सरळ साखळीचा हेप्टेन म्हणजे ०. तेव्हा शुद्ध हेप्टेन मिळायचा तो खनिज तेलातून नाही, कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या डिंकातून.

आता गंमत. सरळ साखळीच्या ऑक्टेनचा ऑक्टेन नंबर शून्याच्याही खाली आहे! रेणूसूत्र तेच, सी८एच१८, नुसती फांद्यांची मांडणी वेगळी. सरळ ऑक्टेन दोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेटतो, आयसोऑक्टेन चारशेच्या आसपास. सरळ साखळीत मधे ओळीने सीएच२. ऑक्सिजन जोडला गेलेला रॅडिकल मागे वळून आपल्याच साखळीतला एखादा सोपा हायड्रोजन ओढतो, पेरॉक्साइड बनतं, ते फुटून एकाचे दोन-तीन रॅडिकल होतात. आयसोऑक्टेनमध्ये पाच सीएच३ आणि सीएच२ फक्त एक. वळून ओढण्यासारखं हाताशी काही नाही.

डिझेल इंजिनात नेमकं उलटं. तिथे ठिणगीच नाही, दाबलेल्या गरम हवेत इंधन आपणहून पेटायला हवं. म्हणून तिथे सरळ साखळीचा हेक्झाडेकेन, म्हणजे सिटेन, याला १००. पेट्रोलमधला गुन्हेगार डिझेलमध्ये हिरो.

पण सरळ साखळीची एक खोड आहे. लांब सरळ रेणू काड्यांसारखे शेजारी शेजारी नीट रचले जातात. हेक्झाडेकेन १८ अंशालाच गोठतो. थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये हिवाळी डिझेल काढलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं.

आणि पेट्रोलचे ठोके थांबवायला थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये टेट्राइथाइल लेड शोधलं. शिसं रॅडिकलांची साखळी तोडतं. खडूसरांच्या आरशाचा चुलतभाऊच. ते शिसं पुढे अर्ध्या जगाच्या रक्तात गेलं. आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं.

मिथिला_११वी | शनिवार, रात्री ८:०५

काका, फांद्या आल्या की उत्कलनांक कमी होतो असं पुस्तकात आहे: पेंटेन ३६, आयसोपेंटेन २८, निओपेंटेन ९.५. पण द्रवणांक बघितले तर पेंटेन उणे १३०, आयसोपेंटेन उणे १६० आणि निओपेंटेन उणे १७! छापायची चूक आहे का?

खडूफळा | शनिवार, रात्री ९:१२

चूक नाही. उकळताना रेणू एकमेकांना किती पृष्ठभागाने चिकटलेत एवढंच बघायचं. फांद्या वाढल्या की रेणू चेंडूसारखा गोळा होतो, चिकटायला जागा कमी. वितळताना प्रश्न वेगळा: स्फटिकात रचले किती नीट जातात? निओपेंटेन जवळजवळ गोल, चारी बाजूंनी सारखा. मोसंब्यांची रास कशी नीट बसते, तसा. आयसोपेंटेन वेडावाकडा, आल्याच्या तुकड्यासारखा. म्हणून द्रवणांकाचा आलेख एका सुरात कधीच जात नाही, सम आणि विषम कार्बनांतही तो डगमगतो.

आणि हे समघटक (सूत्र तेच, मांडणी वेगळी) मोजायच्या भरीला पडू नकोस. पेंटेनचे ३, हेक्झेनचे ५, डेकेनचे ७५, आणि वीस कार्बनवाल्याचे ३,६६,३१९.

नारळीपौर्णिमा | रविवार, सकाळी ७:५०

आम्ही गोव्याचे. पावसाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर फिरून आलं की पायाच्या तळव्याला काळे चिकट डाग. पाणी-साबणाने हलत नाहीत, आजी रॉकेलचा बोळा द्यायची, सरळ निघायचे. ते डांबरगोळे म्हणजे जहाजातून, तेलक्षेत्रातून सांडलेल्या कच्च्या तेलाचे उरलेले घट्ट अवशेष. आमच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांतल्या अल्केनचं वगैरे प्रमाण मोजून ते कुठल्या तेलातून आलेत याचा माग काढतात. बोटांचे ठसेच जणू.

पाणी आणि रॉकेल मिसळत नाही हे लहानपणी कळलं, का ते इथे कळलं. कडी-कोयंडा नाही!

कोबीची_कोशिंबीर | रविवार, सकाळी ११:३३

अवांतर, पण अगदीच नाही. ताज्या कोबीच्या बाहेरच्या पानावर निळसर पांढरी भुकटीसारखी छटा असते ना, त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, मण्यासारखा घरंगळतो. ते पानाचं मेण, आणि त्यातला मोठा भाग नोनाकोसेन, एकोणतीस कार्बनचा सरळ अल्केन. एकोणतीस का, तीस का नाही? झाड मेदाम्ल दोन-दोन कार्बन जोडून बनवतं, म्हणजे नेहमी सम. तीसवाल्यातला टोकाचा एक कार्बन काढून टाकला की उरला अल्केन, विषम.

बोटाने चोळून ती छटा पुसा आणि मग थेंब टाका. पसरतो. (वनस्पतिशास्त्र, एम.एस्सी., सध्या गृहिणी.)

मिथिला_११वी | रविवार, दुपारी १२:१०

ताई, म्हणजे हे सोडियम ॲसिटेट आणि सोडालाइम तापवून मिथेन करतात तसंच की! तिथेपण एक कार्बन कमी होतो.

कोबीची_कोशिंबीर | रविवार, दुपारी १२:२५

हिशोब तोच, रस्ता वेगळा. झाडाकडे बन्सन बर्नर नाही ना.

खडूफळा | रविवार, दुपारी १:००

आज वीजपुरवठा सुरळीत असला तरी संध्याकाळी एक मेणबत्ती लावा. मेणबत्ती म्हणजेही मुख्यतः वीस-तीस-चाळीस कार्बनचे अल्केन. पाच मिनिटं जळू द्या, मग फुंकर मारून विझवा. वातीतून पांढरा धूर वर जाईल. पेटती काडी वातीला न लावता वर, बोटभर अंतरावर त्या धुरात धरा. ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर येते. जळतं ते मेण नाही, मेणाची वाफ. वारा बंद ठेवा, पडदे लांब ठेवा, आणि मोठं माणूस शेजारी.

कढीलिंब | रविवार, रात्री ९:४८

केलं. तीनदा फसलं (पंखा चालू होता, हे लेकीच्या लक्षात आलं, माझ्या नाही), चौथ्यांदा ज्योत टुणकन खाली. मग तिने तेच अकरा वेळा केलं, काड्या संपल्या. कोबीचं पानही पुसून झालं.

बर्नर काढून बघितला. तेरा भोकं दुधाच्या सायीने बुजलेली. टाचणीने मोकळी केली, आता ज्योत निळी. म्हणजे आळस माझाच, अल्केनचा नाही. उरणकरकाका, आभार. काळी पातेली मात्र तशीच आहेत, त्यावर उपाय सांगणाऱ्याला कढी पाठवेन.

मिथिला_११वी | रविवार, रात्री १०:१६

सर, अजून एक. सायक्लोप्रोपेनमध्येपण सगळे एकेरीच बंध आहेत. मग ब्रोमीन त्याचं कडं उघडून आत कसा शिरतो? तिथे कोयंडा कुठून आला?

खडूफळा | रविवार, रात्री १०:३१

साठ अंशांचा कोन. उद्या सकाळी नवीन धागा काढ, मी शाळेतून आलो की लिहितो.

निवांत_नाना | रविवार, रात्री १०:४०

काळ्या पातेल्यांना चुलीची राख आणि नारळाची शेंडी. कढी आंबट नको.